नव्या खोक्यात जुने कॉइलओव्हर

स्पोर्ट्स सेडान घेतल्यानंतर दुसऱ्याच वर्षी मी तिला कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि तिची उसळी आवरणारा डॅम्पर, म्हणजे शॉक अॅब्सॉर्बर, एकत्र असलेला, उंची बदलता येणारा सस्पेन्शनचा संच) बसवून घेतले आणि त्या व्यवहारात माझी पद्धतशीर फसवणूक झाली. पैसे गेल्याचे दुःख आहेच, पण त्याहून जास्त मनाला लागले ते हे की, जवळजवळ चार महिने मी घरच्या माणसांना घेऊन ज्या गाडीतून महामार्गावर जात होतो, तिच्या पुढच्या दोन चाकांवरच्या स्प्रिंगासुद्धा एकसारख्या नव्हत्या. या वस्तूची पारख गाडीला बसवल्यावर बाहेरून होत नाही, आणि विकणाऱ्याला ते पक्के ठाऊक असते. म्हणून घडले ते सविस्तर लिहीत आहे.

गाडी जमिनीला टेकेल इतकी खाली बसवण्याची मला हौस नव्हती. वेगात वळण घेताना ती झुकत असे आणि लागोपाठ उंचवटे आले की मागचा भाग उशिरा सावरत असे. ते सुधारावे आणि उंची पंचवीसेक मिलिमीटर कमी व्हावी, एवढीच अपेक्षा होती. विक्रेत्याचे स्वतःचे गॅरेजही होते. त्याने मला नामांकित कंपनीचे सीलबंद वाटणारे खोके दाखवले आणि मोनोट्यूब म्हणजे एकाच नळीच्या डॅम्परची रचना, डॅम्पिंग (उसळी आवरण्याचा जोर) कमीजास्त करायच्या ३२ क्लिक, पुढे ८ आणि मागे १० किलो प्रति मिलिमीटरच्या स्प्रिंगा (म्हणजे एक मिलिमीटर दबायला तेवढा भार लागणाऱ्या), असे सगळे तोंडपाठ सांगितले. खोके उघडले तेव्हा फोममध्ये रुतवलेले चार डॅम्पर वरच्या बाजूने तेवढे दिसले. मी एक नॉब फिरवून पाहिला, क्लिक स्वच्छ ऐकू आल्या, आणि मी समाधानी झालो. पुढे काम सुरू झाल्यावर लिफ्टखाली ग्राहकांना येऊ देत नाही, असे सांगून त्याने मला बाहेर बसवले. सुरक्षिततेचा नियम म्हणून मलाही ते पटले. माझी पहिली चूक तीच होती, कारण विकणारा आणि बसवणारा एकच असेल, तर गाडीत नेमके काय गेले हे पाहणारा तिसरा माणूस उरतच नाही.

संध्याकाळी गाडी मिळाली तेव्हा ती चारही बाजूंनी एका पातळीत, देखणी उभी होती. पहिल्याच आठवड्यात जाणवले की डावीकडच्या वळणावर तिचे नाक उजवीकडच्या वळणापेक्षा जास्त झुकते. विचारल्यावर उत्तर मिळाले की नव्या स्प्रिंगा बसायला थोडे दिवस लागतात. नवी स्प्रिंग सुरुवातीला काही मिलिमीटर बसते हे खरे असल्यामुळे मी गप्प राहिलो. पण ती बसली तरी तिचा कडकपणा बदलत नाही आणि त्यामुळे एकाच बाजूला झुकण्याचा खुलासा होत नाही, हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवे होते. डॅम्पिंग मी अगदी मऊ आणि अगदी कडक अशा दोन्ही टोकांना नेऊन पाहिले, तर फरक शून्य. पुढे उजवीकडून ठकठक आवाज सुरू झाला आणि पुढचे टायर आतल्या कडेला झिजू लागले, तेव्हा मी गाडी दुसऱ्या एका जुन्या जाणत्या मेकॅनिककडे नेली.

त्यांनी चाके काढण्याआधीच बॅटरी लावून आत पाहिले आणि मला जवळ बोलावले. स्प्रिंग ज्या कॉलरवर टेकते, तिच्याखाली दिसणारे आटे दोन्ही बाजूंना सारखे नव्हते. उजवी कॉलर बरीच वर चढवलेली होती. त्याचे कारण साधे गणित आहे. पुढच्या एका स्प्रिंगवर सुमारे ४०० किलो भार असेल, तर ८ ची स्प्रिंग ५० मिलिमीटर दबते आणि ६ ची जवळजवळ ६७. ही तफावत कॉलर फिरवून झाकता येते, म्हणून उभ्या गाडीत काहीच दिसत नाही. वळणावर मात्र मऊ बाजू उघडी पडते. सुटे केलेले भाग टेबलावर आल्यावर त्यांनी उजव्या स्प्रिंगवरचा जाड, ताजा रंग नखाने खरवडला. खालून आधीचा रंग निघाला आणि त्यावर पुसटसा ६ चा आकडा. डावीवर ८ होता.

मग त्यांनी डॅम्परचा रॉड तळहाताने आत दाबला. मोनोट्यूबमध्ये तेलाच्या पलीकडे, सरकत्या पिस्टनच्या आड, मोठ्या दाबाने नायट्रोजन भरलेला असतो, त्यामुळे सोडल्यावर रॉड आपोआप, एकसारख्या गतीने बाहेर यायला हवा. डावा आला. उजवा अर्ध्यावर तसाच राहिला, म्हणजे त्यातला वायू केव्हाच निघून गेला होता. रॉडवर गंजाचे बारीक खड्डे होते आणि त्यांनी ऑइल सीलची कड खाल्ली होती. डॅम्परच्या अंगावरचा अनुक्रमांक खोक्यावरच्या अनुक्रमांकाशी जुळत नव्हता. कुणाच्या तरी गाडीतून निघालेले दोन वेगळे संच रंगवून, नव्या खोक्यात घालून मला विकले होते.

बसवणीही तितकीच बेपर्वा होती. चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या आर्मचे बोल्ट चाके हवेत लोंबकळत असतानाच आवळलेले होते. आर्मच्या सांध्यात बसणाऱ्या बुशाचे रबर आतल्या नळीला चिकटलेले असते. गाडी जमिनीवर येताच ते पिळले जाते आणि कायम पिळलेलेच राहते, म्हणून काही महिन्यांतच ते फाटले. ठकठक त्याचीच होती. उंची बदलल्यावर कॅम्बर (चाकाचा आत-बाहेरचा कल) आणि टो (वरून पाहता चाकाचे तोंड आत-बाहेर वळलेले असणे) दोन्ही बदलतात, तरी अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे हे कोन जुळवणे, केलेच नव्हते.

मी सुटे भाग घेऊन विक्रेत्याकडे गेलो. हे भाग मी बसवलेलेच नाहीत, असे त्याने शांतपणे सांगितले, आणि माझ्याकडे त्याला खोडून काढण्यासारखे काही नव्हते. पावतीवर केवळ ‘सस्पेन्शन संच, मजुरीसह’ एवढेच लिहिलेले होते. त्यामुळे मी प्रत्येकाला कळकळीने सांगतो की, बसवण्याआधी चारही डॅम्पर टेबलावर मांडून दाबून पाहा, चारही अनुक्रमांक आणि स्प्रिंगांचे आकडे पावतीवर लिहून घ्या, त्यांची छायाचित्रे काढा आणि शक्य असेल तर त्या संचाचा डॅम्पिंगचा आलेख मागा. प्रत्येक सेटिंगला डॅम्पर किती बल देतो ते त्यात दिसते. क्लिकचा आवाज त्याची जागा घेऊ शकत नाही.

आणखी एक गोष्ट मी हातची घालवली. माझे मूळ डॅम्पर आणि स्प्रिंगा दोन वर्षेही वापरलेल्या नव्हत्या. ‘त्या भंगारातच जाणार, मी विल्हेवाट लावतो’ असे तो म्हणाला आणि मी मान डोलावली. परत मागितल्या तेव्हा त्या तिथे नव्हत्या. शेवटी मूळ बनावटीचा पूर्ण संच मला नव्याने घ्यावा लागला, तो त्या मेकॅनिकनी गाडीचा भार चाकांवर असताना बोल्ट आवळून माझ्यासमोर बसवला, आणि सध्या गाडी त्याच्यावरच चालते आहे.