डॉज वेपन कॅरिअर : आठ महिने, एकोणीसशे किलोमीटर आणि ब्रेकचं रबर

मागच्या महिन्यात कासहून उतरताना यवतेश्वरच्या घाटात माझ्या जुन्या डॉज गाडीनं ब्रेक सोडायचंच बंद केलं. ब्रेक लागत होता, सुटत नव्हता. पेडल दगडासारखं कडक झालं, उतारावरसुद्धा गाडी कुणीतरी मागून ओढून धरल्यासारखी चालायला लागली आणि पुढच्या डाव्या चाकातून लायनर जळल्याचा वास आला. कडेला घेतली, चाकांना दगड लावले. ड्रमवर बोटानं पाणी शिंपडलं तर थेंब चर्रकन उडून गेले. पुतण्या बरोबर होता. त्याला म्हटलं, पाना काढ आणि ब्लीडिंगचा निपल (ब्रेकमधली हवा काढायचा छोटा स्क्रू) अर्धा आटा सैल कर. तापलेल्या ऑइलची पिचकारी त्याच्या बाहीवर आली आणि जॅकवर उचललेलं जाम चाक दोन बोटांनी फिरायला लागलं. चारही चाकं एकाच सर्किटवर असल्यानं एक निपल सैल केला की चारही सुटतात. त्या दिवशी प्रत्येक वळणावर थांबून निपल सोडत सातारा गाठला. उरलेल्या वाटेला साडेतीन तास लागले.

म्हणून हे लिहितोय. डब्ल्यूसी ५१ म्हणजे डॉजची दुसऱ्या महायुद्धातली लष्करी गाडी; तिचं इंजिन, गिअर, टायर सगळ्यांना पाठ आहे, ते पुन्हा लिहीत नाही. माझी १९४३ ची आहे. युद्धानंतर लष्कराच्या डिस्पोजलमध्ये, म्हणजे जुन्या मालाच्या विक्रीत निघालेली आणि कराडकडच्या एका खाणीवर आयुष्यभर दगड वाहिलेली. मी घेतली तेव्हा ती बाभळीखाली चाकाच्या आसापर्यंत मातीत रुतलेली होती, इंजिन जाम, टपाचा पत्ता नाही. मूळ पार्ट अमेरिकेतून मिळतात, पण डॉलरचा भाव, पोस्टेज आणि कस्टम धरून एका ब्रेक किटचा हिशोब केला आणि वही मिटली. तेवढ्या पैशात इथं अख्खा लेथवाला आठवडाभर कामाला लावता येतो.

आणि लोखंडाच्या बाबतीत तसंच झालं. सातारा-सांगली पट्ट्यात लोखंडाचं काम अडत नाही. कूपरनी सातारा रोडला आणि किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडीला कारखाने काढले त्याला शंभर वर्षं होऊन गेली. त्या वळणात तयार झालेली माणसं आज गल्लीबोळात लेथ घेऊन बसली आहेत. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ट्रॅक्टरचे घेतले, दांडा ग्राइंड केला, डोकं मापात आणलं, बसले. बेअरिंगसाठी डॉजचं नाव घेऊन दुकानात जायचंच नाही. आतला व्यास, बाहेरचा व्यास, रुंदी एवढं कागदावर लिहून न्यायचं. २५, ५२, १५ म्हटलं की दुकानदार न बघता ६२०५ काढून देतो, त्याला गाडी कुठली याच्याशी देणंघेणं नाही. कमानीचे तुटलेले पाटे टेम्पोच्या पाट्यांतून कापून, तापवून, कमान जुळवून घेतले. क्लच प्लेटला नवीन लायनिंग रिव्हेट मारून बसवलं. फॅनबेल्ट म्हणून पिठाच्या गिरणीचा बी सेक्शनचा पट्टा घातलाय. त्याच्या नंबरातच आतली लांबी इंचात असते, त्यामुळे दोरीनं मोजलं आणि विकत आणला. आठ महिन्यांत एकदाच ताण दिला. या पट्ट्याला दहापैकी दहा.

सहा व्होल्टच्या बॅटरीसाठी दोन महिने फिरलो, मग बारा व्होल्ट करून मारुतीचा अल्टरनेटर लावला. यावर नाराज होणारे होतील. मला रात्री रस्ता दिसतो.

आता ब्रेक. चाकांचे ब्रेक सिलिंडर आधीच्या मालकानं घासून घासून वाकडेतिकडे केले होते. लेथवाल्या भाऊंचं म्हणणं, सगळ्यांत एक इंची स्लीव्ह (आत बसवायची नळी) टाकू, पिस्टनला लागणारं जीपच्या किटचं रबर सहज मिळतं. मी नाही म्हटलं. सव्वा इंचाचा सिलिंडर एक इंचावर आणला तर पिस्टनचं क्षेत्रफळ ६४ टक्क्यांवर येतं, म्हणजे त्याच पायाला चाकावरचा जोर ३६ टक्क्यांनी कमी. घाटात तेवढा फरक जिवावर येतो. त्यांनी ते मान्य केलं आणि स्टेनलेस स्लीव्ह टाकून सव्वा इंचावर आणून दिले. इतकं गुळगुळीत काम की आत बोट फिरवत बसावं.

पण सव्वा इंची रबर तेव्हा कुठेच मिळेना. मग एका रबर मोल्डिंगवाल्याकडे नमुना दिला. त्यानं डाय, म्हणजे साचा, करून वीस नग काढून दिले, ओठाची धार अगदी जुन्यासारखी. घालून पाहिले, गळती नाही, पेडल छान. चौथ्या महिन्यात वहीत लिहून ठेवलं होतं, "ब्रेक : दहापैकी नऊ." ते मी आता खोडतो.

घाटातून आल्यावर मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलनं दाबला जाणारा मुख्य सिलिंडर, खोलला. रबर फुगून भांड्यात भिजवलेल्या हरभऱ्यासारखं टम्म झालं होतं. मास्टरमध्ये एक बारीक भोक असतं. पाय उचलल्यावर चाकाकडचं ऑइल त्यातून परत टाकीत येतं. फुगलेल्या रबराचा ओठ नेमका त्या भोकावर येऊन बसला होता. ऑइलला परतीचा रस्ताच उरला नाही, त्यात ड्रम तापले, ऑइल गरम होऊन फुगलं, ब्रेक आणखी आवळला, ड्रम आणखी तापले. असं चक्र लागलं.

मोल्डिंगवाल्याकडे गेलो आणि आवाज चढला, दोघांचाही. तो म्हणाला, "साहेब, तुम्हीच ऑइलप्रूफ रबर मागितलंत. मी ऑइलप्रूफ दिलं." घरी येऊन पावती पाहिली. माझ्याच अक्षरात लिहिलेलं, ऑइलप्रूफ. तो खरं बोलत होता, पण ब्रेकचं आहे हे माहीत असताना त्यानं एक शब्द विचारायला हवा होता, असं मला अजूनही वाटतं. ऑइलप्रूफ म्हणजे नायट्राइल रबर. इंजिन ऑइल, डिझेल, पेट्रोल यांना ते चांगलं. ब्रेक ऑइलला आपण ऑइल म्हणतो, पण डॉट ३ किंवा डॉट ४ हे ग्लायकॉलवर केलेलं असतं, खनिज तेल नसतंच. त्याला ईपीडीएम नाहीतर एसबीआर रबर लागतं. आणि उलटही तितकंच खरं. ईपीडीएमला इंजिन ऑइलचा हात लागला तरी ते फुगतं. म्हणून ब्रेकचं काम करताना ग्रीसचा हात चालत नाही आणि पार्ट डिझेलनं धुवायचे नसतात.

खात्री करून घ्यायची म्हणून दोन बाटल्यांत ब्रेक ऑइल भरलं. एकीत माझं उरलेलं रबर टाकलं, दुसरीत मिरजेच्या एका जुन्या स्पेअरपार्टच्या दुकानात शोधून सापडलेलं टेम्पोच्या किटमधलं सव्वा इंची रबर. बाटल्या घराच्या पत्र्यावर उन्हात ठेवल्या. टाकताना दोन्ही ३२.३ मिलिमीटर. पंधरा दिवसांनी माझं ३४.६ झालं आणि नखानं दाबलं की खूण राहायला लागली. मिरजेचं ३२.४. ते किट होतं एकशे ऐंशी रुपयांचं. मी डायसह साडेचार हजार घालवले होते. आता चारही चाकं आणि मास्टर त्याच किटवर आहेत. नळ्या स्पिरिटनं धुतल्या, होजपाइप नवीन घातले, कारण जुन्या ऑइलात फुगलेल्या रबराचा काळा गाळ होता. त्यानंतर तीनदा यवतेश्वर चढलो-उतरलो. प्रत्येक वेळी खाली आल्यावर ड्रमला हात लावून पाहतो. गरम असतात, पण हात ठेवता येतो.

मजा म्हणजे जे नायट्राइल ब्रेकमध्ये विष ठरलं, तेच इंजिनाला पेट्रोल ओढून देणाऱ्या पंपात कामाला आलं. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलनं, ज्यातलं काही इथेनॉल आपल्याच उसातून निघतं, पंपाचा जुना पडदा चार महिन्यांत सैल करून टाकला होता. इंजिन तापलं की पेट्रोल येईना. कापडावर नायट्राइल चढवलेली शीट आणून पडदा कापला, तो तीन महिने टिकलाय. एक जास्तीचा टूलबॉक्समध्ये आहे.

आणखी एक राग सांगायचा आहे. डॉजच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्याचे असतात, स्टडवर इंग्रजी एल कोरलेला असतो. हायवेवरच्या एका पंक्चरवाल्याला मी तीनदा सांगितलं. त्यानं पान्याला चार फुटी पाइप लावला, उलट्या बाजूला जोर दिला आणि दोन स्टड मोडले. वर म्हणाला, गंजलेले होते. नवे स्टड लेथवर उलट आट्याचे करून घेतले आणि तेव्हापासून डावी चाकं मी स्वतः खोलतो.

व्हिंटेज नोंदणीबद्दल खूप जण विचारतात. २०२१ च्या नियमांत पन्नास वर्षांवरची, चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नसलेली गाडी चालते, नव्या नोंदणीला वीस हजार, नंबरात व्हीए येतं. पण मग गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणता येते. मला ती चालवायची आहे, म्हणून जुना नंबर आणि पासिंग चालू ठेवलं. लिटरला साडेचार किलोमीटर देते, त्यामुळे फिरणं आपोआपच हिशोबात राहतं.

सव्वीस जानेवारीला तिला अपशिंगे मिलिटरीला नेलं होतं. घरटी फौजी असलेलं गाव, पहिल्या महायुद्धात गेलेल्या शेहेचाळीस जणांचं स्मारक तिथं आहे. झेंडावंदन झाल्यावर एक रिटायर्ड सुभेदार काका, वय पंच्याऐंशीच्या पुढचं, काठी टेकत आले. त्यांनी बॉनेटवर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. नंतर काठी नातवाकडे दिली, खाली बसून पुढच्या चाकामागे वाकून पाहिलं आणि विचारलं, "रबर कुठलं घातलंस?" तेव्हा मी अभिमानानं सांगितलं होतं की डाय करून घेतलंय. ते काही बोलले नाहीत, नुसती मान हलवली.

येत्या रविवारी पुन्हा जाणार आहे. मिरजेचं एक जास्तीचं किट खिशात घेऊन, काकांना दाखवायला.