इल्फर्डचा डबा, आत एक्स-रेची फिल्म : सांगलीतील एका खरेदीचा अनुभव

लार्ज फॉरमॅट, म्हणजे मोठ्या आकाराच्या फिल्मवर केल्या जाणाऱ्या, छायाचित्रणाचे जुने साहित्य 'बंद पडलेल्या स्टुडिओतील माल' म्हणून सांगली-मिरज भागात विकणाऱ्या एका इसमाने माझी आणि तासगावच्या एका छायाचित्रकार मित्राची फसवणूक केली आहे. तक्रार पोलिसांकडे असल्यामुळे आणि त्याने आम्हा दोघांना दोन वेगळी नावे सांगितली असल्यामुळे मी येथे नाव देत नाही. नाव तो पुन्हा बदलेल, पद्धत मात्र बदलणार नाही, म्हणून ती पद्धत तपशिलाने लिहून ठेवत आहे.

विक्रीला होते ते असे : चार बाय पाच इंचांचा जपानी बनावटीचा लाकडी फील्ड कॅमेरा, कोपाल शटरमध्ये बसवलेली १५० मिलिमीटरची जर्मन लेन्स, काही फिल्म होल्डर (कॅमेऱ्यात फिल्म धरून ठेवणाऱ्या चौकटी), इल्फर्ड कंपनीच्या एफपी४ प्लस या कृष्णधवल फिल्मचे डबे आणि कोडॅकच्या कृष्णधवल कागदाची पाकिटे. सगळ्याचे मिळून ६२,००० रुपये ठरले. गणपती पेठेतील काकांचा स्टुडिओ बंद झाला, सामान महापुराच्या आधीच विश्रामबागेत वरच्या मजल्यावर हलवले होते आणि फिल्म कायम फ्रीझरमध्ये होती, असे त्याने मला मेसेजवर लिहून दिले होते. हे लिखित शब्द पुढे उपयोगी पडले.

डिजिटलवर काम करणाऱ्यांना या व्यवहारातील अडचण चटकन लक्षात येणार नाही, म्हणून ती आधी सांगतो. शीट फिल्म रोलसारखी गुंडाळलेली नसते. एकेक सुटा ताव काळ्या पिशवीत आणि ती पिशवी एकात एक बसणाऱ्या झाकणांच्या डब्यात असते. हा डबा पूर्ण अंधारातच उघडावा लागतो आणि प्रत्येक ताव बोटांनी चाचपून होल्डरमध्ये भरावा लागतो. दुकानात कापड उलगडून पाहावे तशी फिल्म पाहता येत नाही, कारण पाहिली की ती वाया गेली. त्यामुळे आत काय आहे आणि ते कसे साठवले होते, या दोन्ही बाबतींत ग्राहकाला विक्रेत्याच्या शब्दावर अवलंबून राहावे लागते. उजेडात जे तपासता येण्यासारखे होते ते मी तपासले होते. फिल्मच्या बाबतीत या माणसाने लबाडी केली ती अंधारातल्या भागात.

पहिली शंका होल्डर भरतानाच आली. शीट फिल्मच्या एका कोपऱ्याला खाचा असतात आणि प्रत्येक प्रकारच्या फिल्मची खाचांची ठेवण निराळी असते. ताव उभा धरून खाचा वरच्या उजव्या कोपऱ्यात आल्या की इमल्शनची, म्हणजे प्रकाशाला संवेदनशील थराची, बाजू आपल्याकडे असते. अंधारात काम करणाऱ्याला ही एकच खूण असते. या तावांना खाचाच नव्हत्या. फोन केला तेव्हा 'सर, जुन्या लॉटला खाचा नसायच्या, तुम्ही बिनधास्त वापरा,' असे उत्तर मिळाले. हे धादांत खोटे आहे. एफपी४ प्लसच्या प्रत्येक तावाला खाच असते.

मग हरिपूरच्या रस्त्यावरील एका कौलारू घराचे छायाचित्र घेऊन फिल्म धुतली. निगेटिव्हवर दोन्ही बाजूंनी चरे पडले होते आणि पायाच्या, म्हणजे ज्यावर इमल्शन असते त्या, प्लास्टिकला निळसर झाक होती. प्रिंट काढल्यावर लाल कौले आणि दारातली जास्वंदीची फुले काळीठिक्कर आली. एफपी४ ही पँक्रोमॅटिक फिल्म आहे, म्हणजे तिला लाल रंगही दिसतो. ज्या फिल्मला लाल दिसत नाही, तिच्यावर लाल वस्तूची जागा निगेटिव्हमध्ये कोरी राहते आणि प्रिंटमध्ये काळी होते. मिरजेतील एका रुग्णालयात क्ष-किरण तंत्रज्ञ असलेल्या स्नेह्यांना ते निगेटिव्ह दाखवले, तर त्यांनी खिडकीसमोर धरताक्षणीच सांगितले, 'अहो, ही आमची एक्स-रेची फिल्म आहे. हा निळा रंग आम्ही रोज बघायचो.'

त्यांच्याशी बोलल्यावर सगळा उलगडा झाला. मिरज हे दवाखान्यांचे गाव आहे, आणि तपासण्या डिजिटल झाल्यापासून जुन्या एक्स-रे फिल्मचे डबे ठिकठिकाणच्या गोदामांत पडून राहिले आहेत. एक्स-रे फिल्मचे आठ बाय दहा इंच हे एक प्रमाणित माप आहे आणि त्याचे बरोबर चार तुकडे केले की चार बाय पाचचे ताव मिळतात. ही फिल्म निळ्या किंवा हिरव्या प्रकाशाला संवेदनशील असते, तिला लाल दिसत नाही, त्यामुळे लाल दिव्याखाली आरामात बसून कागद कापण्याच्या कटरने ती कापता येते. तिची जाडीही बोटांना ओळखू येईल इतकी वेगळी नसते, कारण इल्फर्डची शीट फिल्म ०.१८० मिलिमीटर जाडीच्या पॉलिएस्टरवर असते आणि एक्स-रे फिल्मचा पायाही जवळपास तेवढाच असतो. इल्फर्डचे रिकामे डबे जमवायचे, त्यांत हे तुकडे भरायचे आणि वर पारदर्शक चिकटपट्टी लावायची, एवढाच हा उद्योग आहे. आयात केलेल्या पंचवीस तावांच्या खऱ्या डब्याला आपल्याकडे काही हजार रुपये मोजावे लागतात, त्यामुळे यातला नफा उघड आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट करावीशी वाटते. एक्स-रे फिल्मवर जाणीवपूर्वक काम करणारे छायाचित्रकार जगभर आहेत. तिच्या दोन्ही बाजूंना इमल्शन असल्यामुळे ट्रेमध्ये धुताना ती फार जपावी लागते, पण ज्याला ती हाताळायची सवय झाली त्याला ती स्वस्तात चांगले फळ देते. या माणसाने तीच फिल्म तिच्या खऱ्या नावाने विकली असती, तर मी ती आनंदाने घेतली असती. एखाद्या वृद्धेचे पोर्ट्रेट, पाडले जाणार असलेल्या वाड्याचे शेवटचे चित्र अशा पुन्हा न घेता येणाऱ्या कामासाठी कुणी ही फिल्म एफपी४ समजून भरली, तर ते चित्र कायमचे गेले. पैशांच्या नुकसानीपेक्षा मला याचा संताप अधिक आहे.

ही फसवणूक पाच मिनिटांत उघडी पाडता येते, आणि त्यासाठी डार्करूम लागत नाही. जाताना लहानशा बाटलीत फिक्सर, म्हणजे आपल्या स्टुडिओवाल्यांचा हायपो, घेऊन जावे. विक्रेत्याला अंधारात किंवा चेंजिंग बॅगेत (हात घालून आतल्या अंधारात काम करायची काळी पिशवी) एक ताव काढून द्यायला सांगावे आणि तो सरळ उजेडात पाहावा. खऱ्या फिल्मला खाच दिसेल आणि तिच्या दोन बाजू वेगळ्या दिसतील. एक्स-रे फिल्म दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते. मग तो ताव हायपोत बुडवून वरचा थर विरघळून स्वच्छ होऊ द्यावा. पाया निळसर निघाला तर पुढे बोलण्यासारखे काही उरत नाही. पंचवीसपैकी एका तावाची किंमत ग्राहकाने वेगळी मोजावी, पण ही चाचणी करू न देणाऱ्याकडून डबा घेऊ नये.

फिल्म खरी असली तरी साठवणुकीचा प्रश्न राहतोच. उन्हाळ्यात चाळिशीला जाणारे तापमान आणि त्यानंतरचा दमट पावसाळा यांत सांगलीतल्या कपाटात वर्षानुवर्षे पडलेली फिल्म धुरकटते. हे पाहण्यासाठी एक ताव उजेड न दाखवता अंधारात डेव्हलप करून फिक्स करावा, दुसरा नुसता फिक्स करावा आणि दोन्ही पांढऱ्या कागदावर शेजारी ठेवावेत. पहिला जितका करडा, तितकी फिल्म धुरकटलेली. वेगवान फिल्म मंद फिल्मपेक्षा लवकर खराब होते, आणि फ्रीझर हे धुरकटणे लांबवतो, पण आधी झालेले पुसून टाकत नाही. फ्रीझरमधून काढलेला डबा खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नये, नाहीतर तावांवर दव धरते. माझा विक्रेता भर दुपारी 'फ्रीझरमधून आत्ताच काढलेला' डबा हातात देत होता आणि डबा अगदी कोमट होता. बाकीच्यांनी निदान एवढे तरी हात लावून पाहावे.

कागदाबाबत थोडक्यात सांगतो. कृष्णधवल छपाईचा कागद बनवणे बंद करत असल्याचे कोडॅकने २००५ सालीच जाहीर केले होते. त्यामुळे कोडॅकचा कृष्णधवल कागद 'ताजा' म्हणून विकणारा माणूस खोटे बोलत असतो. जुना कागद घ्यायचाच असेल तर सेफलाइटखाली, म्हणजे कागदाला न लागणाऱ्या डार्करूमच्या दिव्याखाली, त्याची एक पट्टी उजेड न दाखवता डेव्हलपरमध्ये टाकावी. ती पांढरी राहिली तरच पुढचा व्यवहार करावा.

कॅमेरा मात्र पुराचा होता. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते, धोक्याची पातळी तेथे ४५ फूट आहे, आणि गणपती पेठ, हरभट रोड या भागांतील दुकाने पाण्याखाली होती. त्या पाण्यात भिजलेल्या वस्तू अजूनही रंगरंगोटी करून बाजारात येत आहेत. या कॅमेऱ्याच्या लाकडाला नवे व्हार्निश होते आणि बेलोजच्या, म्हणजे लेन्स आणि फिल्म यांमधल्या भात्याच्या, घड्यांना बाहेरून काळा रबरी लेप दिलेला होता. व्यवहाराच्या वेळी शटरचा एका सेकंदाचा वेग नीट चालला, कारण ते लायटरच्या पेट्रोलने नुकतेच धुतले होते. तेल आणि गंज मूळ जागी परतल्यावर ते अडकू लागले. बेलोज पूर्ण ताणून वापरू लागल्यावर लेप तडकला आणि प्रकाश आत येऊ लागला. अंधाऱ्या खोलीत बेलोज ताणून त्यात टॉर्च लावली तर भोके ताऱ्यांसारखी दिसतात हे खरे, पण ताजा लेप असेल तर तीही दिसत नाहीत. म्हणून माझा सल्ला असा आहे की समोरचा फलक, म्हणजे लेन्स बसवलेला लेन्सबोर्ड, काढून घड्यांच्या आतल्या कोपऱ्यांत कापसाचा बोळा फिरवावा. माझ्या बोळ्यावर कृष्णेचा काळा गाळ आला. फोकससाठी कॅमेरा पुढे-मागे सरकवणाऱ्या दात्यांच्या पट्टीतले आणि लेन्सबोर्डामागचे स्क्रूही पाहावेत. बाहेरचे बदललेले असतात, आतले सहसा बदलत नाहीत.

तक्रारीबद्दल लिहिणे आवश्यक आहे, कारण 'जुन्या वस्तूचा व्यवहार आहे, पोलीस काय करणार' असे म्हणून अनेकजण गप्प बसतात. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ आहे, आणि पैसे ऑनलाइन गेले असतील तर १९३० या क्रमांकावर जितक्या लवकर कळवता येईल तितके बरे. ठाण्यातील हवालदारांना फिल्म म्हणजे काय इथपासून सांगावे लागले, परंतु त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. निळे निगेटिव्ह आणि माझ्याकडच्या जुन्या खऱ्या एफपी४चे पारदर्शक निगेटिव्ह शेजारी ठेवल्यावर त्यांना प्रकरण लगेच समजले. विक्रेत्याने स्वतः लिहिलेला 'फ्रीझरमधील एफपी४' हा मेसेज आणि पैसे पाठवल्याची नोंद तक्रारीला जोडली आहे. त्याने नंतर आपल्या बाजूचे मेसेज पुसले, पण माझ्याकडे त्यांची चित्रे होती.

या भागात कुणाला असा डबा मिळाला असेल तर त्याने रागाने तो फेकून देऊ नये. डबा, चिकटपट्टी, काळी पिशवी आणि न वापरलेले ताव तसेच ठेवावेत, कारण कटरने कापलेल्या कडा आणि कारखान्यातील कडा यांतला फरक भिंगाखाली दिसतो. एक ताव हायपोत स्वच्छ करून सोबत घ्यावा आणि आपापल्या ठाण्यात लेखी तक्रार द्यावी. माझी आणि तासगावच्या मित्राची तक्रार वेगवेगळ्या ठाण्यांत आहे. तिसरी आणि चौथी आली तर तपास अधिकाऱ्यांना त्या एकत्र जोडता येतील.