तूर कुणाशेजारी: सोयाबीन की कपाशी?

मृग बरसला की मराठवाड्यात दरवर्षी हाच घोळ: तूर सोयाबीनमध्ये घ्यायची की कपाशीत? रान तेच, बियाणं तेच. फरक पाडतो तो शेजारी.

तूर पहिले दीड-दोन महिने नुसती रेंगाळते. वर काही दिसत नाही, पण सोटमूळ खाली चाललेलं असतं. सोयाबीनचा सगळा जोर नेमका याच काळात. त्याची बहुतेक मुळं वरच्या थरात, आणि ९५-१०० दिवसांत ते रान मोकळं करतं. पुढचं ऊन आणि काळ्या रानात मुरलेली ओल तुरीला एकटीला, तीही फुलोऱ्याच्या आणि शेंगा भरायच्या वेळी. एक पंगत उठल्यावर दुसरी बसावी तसं.

तूर मागाहून टोबली तर मात्र फसगत. ऑगस्टात सोयाबीन बाजूला सारून बघा: तुरीची काडी सुतळीएवढी, खालची पानं पिवळी, उंची मात्र भरमसाट. शेजारच्या पानांवरून परतणारा तांबड्यापलीकडचा प्रकाश झाडाला कळतो, आणि सावली पडायच्या आधीच ते फांद्या फोडायचं थांबवून वर पळतं. म्हणून पेरणी एकाच दिवशी, चार तासं (ओळी) सोयाबीन, दोन तासं तूर.

कपाशीचं गणित वेगळं. तिचंही मूळ खोल, तीही सुरुवातीला सावकाश, बोंडं भरायची ती सप्टेंबर-ऑक्टोबरात. पाऊस लवकर उघडला की दोघी एकाच ओलीवर. तुरीमुळे कपाशीला नत्र मिळेल, ही आशाही फार धरू नका. मुळांवरच्या गाठींनी हवेतून धरलेला बराचसा नत्र तुरीच्याच दाण्यात जातो. उरलंसुरलं पालापाचोळ्यातून पुढच्या पिकाला.

कपाशी लावायचीच असेल तर तिच्यात मूग बरा. ६०-६५ दिवसांत, कपाशी पसरायच्या आत निघतो. तोडणीला झड लागली तर शेंगेतच कोंब येतात, एवढी धास्ती.

ज्वारीतली तूर जुन्या लोकांची. त्यात तुरीची मरही, म्हणजे उभं झाड वाळवणारा रोगही, कमी राहते. पण पावसात खरिपाची ज्वारी काळी पडते, मग भाव कोण देणार?

माझा कौल कोरडवाहू मध्यम-भारी रानात सोयाबीन-तुरीला. वाण रान बघून घ्या: बदनापूरच्या संशोधन केंद्राची बीडीएन-७११ सुमारे १५०-१५५ दिवसांत येते, ती मध्यम रानाला चालते. १७५-१८० दिवसांची बीएसएमआर-७३६ भारी रानातच घ्या, नाहीतर फुलोऱ्यात एखादं पाणी द्यायची सोय हवी.