टिळकवाडीतला जपानी वर्ग: भाषेसाठी जा, पण समाजाचा भाग चुकवू नका

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्री आणि मशीनशॉपमधली पोरं इथे जपानी भाषेच्या परीक्षेतल्या एन-४ पातळीसाठी येतात. भाषेचा भाग ठीक आहे. परीक्षा जुलै आणि डिसेंबरात, पुणे किंवा बेंगळुरूला, त्या हिशोबाने धडे उरकतात. पैसे वसूल होतात ते शेवटच्या काही रविवारी. चेरीची फुलं, किमोनो यांत वेळ न घालवता जपानी माणूस ‘आपला’ कोणाला म्हणतो, ते इथे थेट कागदावर दाखवतात.

सगळ्यात उत्तम धडा कोसेकीचा, म्हणजे कुटुंबाच्या नोंदवहीचा. फळ्यावर कोरा नमुना काढून तो भरून घेतात. जपानी नवराबायकोचं आडनाव एकच हवं, नागरी संहितेचं कलम 750. जोडीदार परदेशी असेल तर त्याला कोसेकीत स्वतंत्र जागा नाही. त्याचं नाव जपानी जोडीदाराच्या नोंदीत लग्नाच्या तपशिलात येतं. नागरिकत्व जन्मभूमीवर नाही, रक्तावर. आईकडूनही ते मिळू लागलं 1985 पासून. त्यामुळे आईबाप दोघंही भारतीय असतील तर तिथे जन्मलेलं बाळ जपानी होत नाही. जन्माची नोंद 14 दिवसांत पालिकेत, वास्तव्याचा अर्ज 30 दिवसांत इमिग्रेशनकडे, हे मुलांकडून घोकून घेतात. बरं करतात.

गावाच्या ओढीवर प्रवचन नाही, थेट ‘फुरुसातो नोझेई’चा, म्हणजे गावाला देणगी देऊन करात सूट घेण्याचा हिशोब. 2008 ची ही योजना. कमाईप्रमाणे ठरणाऱ्या मर्यादेत राहून 30,000 येन एखाद्या गावाला दिले, तर 2,000 खिशातून जातात आणि 28,000 करातून वळते होतात. गावाकडून येणारी परतभेट देणगीच्या 30 टक्क्यांच्या आत. गाव स्वतःचंच हवं असं नाही, परदेशी करदात्यालाही चालतं. मात्र रहिवासी कर आदल्या वर्षाच्या कमाईवर लागतो, म्हणून कुठल्याही गावाला पैसे पाठवण्याआधी आपली मर्यादा काढा.

खटकतात ती जुनी छापील पानं. त्यांत जपान अजून ‘एकजिनसी राष्ट्र’ आहे. उत्तरेकडच्या ऐनू लोकांना मूलनिवासी म्हणणारा 2019 चा कायदा नाही, 1879 मध्ये खालसा झालेलं र्‍युक्यू राज्य (आजचं ओकिनावा) नाही. घरात मराठी आणि दाखल्यावर कन्नड असलेल्या निपाणी-खानापूरच्या पोरांना हे चटकन उमगलं असतं! जन्मतः दोन नागरिकत्वं असलेल्यांनी एक निवडायचं वय पानावर 22 आहे. एप्रिल 2022 पासून ते 20 झालं.

बदलत्या जपानवर मात्र घाई. 2024 मध्ये तिथे जपानी बाळं सात लाखांहून कमी जन्मली, वर्षअखेरीस परदेशी रहिवासी सुमारे 37.7 लाख होते, एवढं सांगून पुढे पळतात. 2019 च्या कुशल कामगार व्हिसाच्या पहिल्या प्रकारात साधारणपणे एकूण पाचच वर्षं मिळतात आणि बायकापोरांना नेता येत नाही. हे पहिल्याच तासाला सांगायला हवं. इथे शेवटी कळतं, तोवर फी भरून झालेली असते.

छोटी बॅच घ्या. मोठ्या बॅचला शेवटचे दोन रविवार एकत्र गुंडाळतात आणि नेमका कोसेकीचा नमुना राहतो.