सातारा एसटी स्टँड : वयस्कर माणसाला घेऊन प्रवास करणाऱ्यांसाठी

महिन्यातनं एकदा तरी आईला घेऊन सातारा स्टँडवर असतोच. आईचं माहेर बामणोलीकडं, वय ७८, गुडघे पार गेलेत, त्यामुळं स्टँड बघायची माझी नजरच बदललीय. गाडी शिवशाही आहे का साधी लालपरी याचं मला काही नाही, गाडी कुठल्या फलाटाला लागणार ते किती आधी कळतं आणि तिथपर्यंत आईला किती चालायला लागतं, एवढंच बघतो.

साताऱ्यात सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे माणसं. मागच्या खेपेला चौकशीच्या खिडकीवर बामणोलीची गाडी विचारली तर आतले साहेब आईकडं बघून म्हणाले, मावशी तुम्ही हितंच बसा, गाडी लागली की मी आवाज देतो. मला वाटलं विसरतील, गर्दीच तेवढी होती, पण गाडी लागल्यावर स्वतः बाहेर येऊन सांगून गेले. कंडक्टरनी पण आई वर चढेपर्यंत घंटी दिली नाही. अशा माणसांचे आभार कुठं मानायचे कळत नाही, म्हणून इथं लिहितोय.

ह्याची किंमत मला कळते कारण दोन वर्षांपूर्वी एका दुसऱ्या स्टँडवर, नाव लिहीत नाही, बोर्ड एका फलाटाला आणि गाडी लागली भलतीकडंच, स्पीकरवर काय बोलतायत त्यातलं अक्षर कळेना, आई चालत तिथं पोचेपर्यंत गाडी सुटली पण. पुढची गाडी थेट संध्याकाळची मुक्कामी, तोवर आई बाकड्यावर बसून होती आणि पाणीसुद्धा पीत नव्हती, कारण बाथरूमला जायची तिला भीती वाटत होती. हे मी विसरू शकत नाही.

पहिल्यांदा येणाऱ्यांना थोडं सांगतो. रेल्वेनं येणार असाल तर सातारा रेल्वे स्टेशन गावात नाही, माहुलीला आहे, तिथनं स्टँडवर यायला रिक्षाचा वेळ धरून चला. स्वारगेटला जायला विनाथांबा सगळ्यात बरी, पण तिकीट खालीच काढायला लागतं आणि रविवारी संध्याकाळी लाईन मोठी असते, वयस्कर माणूस सोबत असेल तर त्यांना आधी सावलीत बसवा आणि तुम्ही लाईनीत उभं राहा. कास, बामणोलीकडं मात्र गाड्या मोजक्याच, एक चुकली की दिवस गेला, त्यामुळं परतीच्या गाडीची वेळ जातानाच विचारून ठेवा.

७५ च्या पुढच्यांना राज्यात एसटी फुकट आहे, ऑगस्ट २०२२ पासून, वयाचं ओळखपत्र दाखवायचं आणि शून्य रुपयाचं तिकीट घ्यायचंच, ते नको म्हणू नका. बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट, म्हणजे आम्ही तिघं निघालो तर आईचं शून्य, बायकोचं अर्धं आणि माझंच तेवढं पूर्ण. आई आता महिन्याला माहेरी जाते ती ह्याच्यामुळंच, नाहीतर पैसे जातात म्हणून दिवाळीशिवाय निघायची नाही.

माझी मागणी एकच आहे. एसटीची पहिली पायरी लई उंच असते, फलाटावर एखादा लाकडी पाट जरी ठेवला तरी म्हाताऱ्या माणसांना कुणाचा हात धरायला लागणार नाही. पुढच्या वेळी चौकशीवरच्या त्या साहेबांना हे सांगणार आहे, आणि त्यांच्यासाठी बामणोलीवरनं आईच्या हातच्या कुरडया घेऊन येणार आहे.