वारस नोंदीचे साडेसहा हजार

वडील गेल्यानंतर सातारा जिल्ह्यातील आमच्या दीड एकरावर आईचे, माझे आणि दोन्ही बहिणींचे नाव लावायचे होते. वारस नोंदीचा अर्ज 'ई-हक्क' प्रणालीवर घरबसल्या करता येतो, हे मी वाचलेही होते. परंतु कागदपत्रांत चूक नको म्हणून तालुक्याच्या गावी एका सेवा केंद्रात गेलो आणि तिथेच फसलो.

केंद्रचालक म्हणाला, "दादा, ऑनलाइन नुसतं नावाला आहे. खालून वरपर्यंत पोचवावं लागतं." त्याने साडेसहा हजार घेतले, पावती दिली नाही. मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्र, 8अ (जमिनीचा खातेउतारा) सगळे त्याच्याकडे दिले. अर्जात मात्र त्याने स्वतःचाच मोबाइल क्रमांक टाकला, आणि माझ्या मते खरी मेख तिथेच होती, कारण ओटीपी आणि अर्जाबाबतचा प्रत्येक संदेश त्याच्याच फोनवर जाऊ लागला. प्रतिज्ञापत्रात एका बहिणीचे नाव राहिल्यामुळे अर्ज आठवड्यातच परत आला होता. मला तो "साहेब रजेवर आहेत" असे सांगत राहिला आणि शेवटी आणखी दोन हजार मागू लागला.

तेव्हा मी थेट तलाठ्यांकडे गेलो. त्यांनी संगणकावर परत पाठवल्याचा शेरा दाखवला. त्यांच्यापर्यंत एक रुपयाही पोचलेला नव्हता. त्यांच्या नावावर दुसराच कोणी पैसे घेत होता. (महिनाभर मी त्यांनाच शिव्या घालत होतो, हेही कबूल केले पाहिजे.) मग स्वतःच्या क्रमांकावरून नवा अर्ज केला. फेरफाराची, म्हणजे नोंदीतील बदलाची, नोटीस 'आपली चावडी' या सरकारी संकेतस्थळावर दिसली, हरकतीचे पंधरा दिवस सरले, मंडल अधिकाऱ्यांनी नोंद प्रमाणित केली आणि आईचे नाव असलेला डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा 15 रुपयांत उतरवून घेतला.

पैसे परत मागितले, तर केंद्रचालकाने "कसले पैसे?" म्हणून हात झटकले. अधिकाऱ्याच्या नावाने खासगी माणसाने लाच मागितली, तरी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या 1064 क्रमांकावर तक्रार करता येते. मात्र भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातील 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही दोषी धरला जातो. नाइलाजाने द्यावी लागली असल्यास त्याने सात दिवसांच्या आत कळवायचे असते. हे मला कळले, तेव्हा पैसे देऊन दीड महिना झाला होता.