पेटीतल्या जुन्या रिम्स: आठ महिन्यांनंतर

आजोबांच्या काळ्या अठ्ठावीस इंची सायकलसाठी जुन्या स्टीलच्या रिम्स, म्हणजे टायर बसतो ती चाकाची कडी, जानेवारीत घेतल्या. जोडीचे ९०० रुपये. विकणारा म्हणाला, "पेटीतला माल आहे, रस्ता बघितलेला नाही." चकचकीत क्रोम, तारांसाठी पुढे ३२ भोकं, मागे ४०, अगदी जुन्या विलायती हिशोबाची. घासाघीससुद्धा केली नाही, आणि मला ओळखणाऱ्यांना कळेल की मी किती भुललो होतो.

पहिल्याच दिवशी पुढचा ब्रेक दाबला आणि टक्. प्रत्येक फेऱ्याला एक टक्. पट्टी गोल वळवून टोकं जोडतात, तो जोड कुणी नीट घासलाच नव्हता. दांड्याच्या ब्रेकचं (केबलऐवजी लोखंडी दांड्यांनी ओढला जाणारा जुना ब्रेक) रबर रिमला आतून, तारांच्या बाजूने टेकतं, त्यामुळे तो उंचवटा थेट मुठीत जाणवायचा. मी चार महिने त्या टकटकीमागे. रबर बदललं, दोनदा आउट (चाकाचा वाकडेपणा) काढून घेतला, शेवटी कानस चालवली. आवाज निम्मा झाला, पण तिथलं क्रोम गेलं आणि आता तांबूस डाग पडलाय. बायको म्हणाली, घंटीचे पैसे तरी वाचले होते.

तरीही मे महिन्यापर्यंत मी मित्रांना "डोळे झाकून घ्या" सांगत होतो. ते शब्द मागे घेतो. जूनमध्ये पाऊस लागला आणि कळलं, ओल्या क्रोमवर रबर धरत नाही, नुसतं पुसतं. पुलाच्या उतारावर चप्पल घासत थांबलो.

ऑगस्टमध्ये मागचं चाक पंक्चर. मिस्त्रींनी ट्यूब काढली, रिमवरची पट्टी उचलली आणि खोबणीतून ओंजळभर तांबडा भुगा फरशीवर सांडला. निपलांच्या (तार रिमला आवळून धरणाऱ्या छोट्या नटांच्या) भोकांभोवती पत्रा कागदासारखा झालेला. त्यांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक नुसतं टेकवलं, आरपार गेलं. एक निपल तर भोकातून तारेच्या बाजूला ओढली गेली होती. "ही डबल सीट कधी चालवली नाहीत ना?" चालवली होती. मुलीला क्लासला सोडायला, रोज.

बाहेरून क्रोम आरशासारखं, आत खोबणीत मात्र ते धड चढलेलंच नसतं, आणि पेटीत किती पावसाळे काढलेत ते कोण सांगणार? पैसे देण्याआधी आत बोट फिरवा, भोकं टोचून बघा. विकणाऱ्याचं उत्तर, "जुन्या मालाला गॅरंटी नसते." बरोबर आहे, पण मग "रस्ता बघितलेला नाही" कशाला?

अ‍ॅलॉयच्या (अ‍ॅल्युमिनियमच्या) रिमचा विचार केला, पण ७००सी या वेगळ्या मापाची बसवायची तर टायर बदला, आणि दांड्याचा ब्रेक तिला चालत नाही. शेवटी मागे साधी नवी स्टीलची रिम बसवली. मजुरी आणि ४० तारा वेगळ्या.

पुढची उघडून बघितली, आतून ठणठणीत निघाली. टक्-टक् तिचीच होती. मागची आठ महिने एकदाही कुरकुरली नाही.